हातात की काउंटरवर

त्या इटालियन दुकानाचा मला मनापासून राग होता, आणि तरी जवळजवळ दर शनिवारी मी तिथं जात होते. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. न्यू जर्सीत पार्सिपनीच्या आसपास आम्ही राहत होतो. नवराबायको दोघंही कॉम्प्युटरच्या नोकरीत, दोघंही नागपूरचे आणि दोघंही मटणाचे भुकेले. सुपरमार्केटमध्ये मिळायचं ते मटण नव्हे. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, हाड नसलेले, रक्त नसलेले ते गुलाबी चौकोन शिजवले की घरभर ओल्या लोकरीचा वास सुटायचा. इंडियन ग्रोसरी पाऊण तासावर, तिथलं बोकड फ्रीझरमधून बर्फाच्या लादीसकट निघायचं. इटालियन दुकानात मात्र ताजं मिळायचं. मानेचे तुकडे, नळी, कलेजी, वजडी, आणि ईस्टरच्या सुमाराला कोवळं करडू. हाडासकट लहान तुकडे करून मागितले तर करवतीच्या मशीनवर करून द्यायचे. एवढ्यासाठी मी तो अपमान सहन करत होते.

अपमान कुठला ते सांगते. दुकान लहान, छताला टांगलेले हॅमचे लांब तंगडे, चीजचे भोपळ्याएवढे गोळे, बरण्यांतले ऑलिव्ह, आणि सगळ्यावर आंबूस-खारट वास. काउंटरमागे मालक उभा असायचा. साठीचा, जाडजूड, मनगटापर्यंत केस, आवाज असा की पार्किंग लॉटमध्ये ऐकू यावा. गिऱ्हाइकांवर ओरडायचा, गिऱ्हाइकंही त्याच्यावर ओरडायची. त्या दुकानाची एक रीत होती. तुम्ही हॅम मागा, सलामी मागा, चीज मागा, तो आधी मशीनवर एक पातळ चकती कापायचा आणि काउंटरवरून हात लांब करून तुमच्या हातात ठेवायचा. तुम्ही ती तिथंच खायची. मान हलवली की मगच तो पुढचं कापून वजन करणार. म्हाताऱ्या बायका त्याच्या हातून चकती घेऊन आधी नाक मुरडायच्या, मग खायच्या, मग भांडायच्या. तुमच्या हातात चकती आली की तुम्ही त्या दुकानाचे झालात.

माझ्या हातात ती कधी आली नाही. माझी पाळी आली की तो कागदाचा एक तुकडा फाडायचा, त्यावर चिमट्यानं चकती ठेवायचा, कागद दोन बोटांनी काउंटरवरून माझ्याकडे सरकवायचा आणि चटकन हात मागे घ्यायचा. बाजूच्या गोऱ्या बाईला हातात. पलीकडच्या काळ्या गृहस्थालाही हातात. मला कागदावर.

पहिल्यांदा वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्यांदा तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानंतर मी ती चकती कधी उचलली नाही. तो वाट बघायचा, मी त्याच्याकडे रोखून बघायचे. चकती कागदावर पडून राहायची. शेवटी तो खांदे उडवून वजन करायला लागायचा. असं दोन वर्षं चाललं. मी त्याला मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या ते लिहिण्यासारखं नाही. पण शिव्या घालताना एक हिशेब मी पक्का करून ठेवला होता: हा गोरा आहे, मी सावळी आहे, याला माझा रंग खुपतो, बस. त्या काळ्या गृहस्थाचा विचार मी सोडून दिला होता. रंगाचं मला फारसं लागत नव्हतं. खरं सांगायचं तर रंगावरून अपमान झाला की मला आतून थोडं हलकंच वाटायचं. हा अपमान नवा होता, परका होता. जुना तर नव्हता.

आम्ही बौद्ध. आजीआजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा आई शाळकरी होती, वर्धेकडच्या एका खेड्यात. त्या खेड्यात किराण्याच्या दुकानात आईच्या आईला ओट्याखाली उभं राहावं लागायचं. मीठ, गूळ जे काही घ्यायचं ते दुकानदार वरून पदरात टाकायचा, अंतर राखून. कधी अर्धं खाली सांडायचं. आई ते मातीतून वेचायची. पुढे आई शिकली, नागपुरात म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका झाली, इंग्रजी शिकवून मुदतीआधीच निवृत्त झाली. पण कुणी तिला काही देताना हात उंच धरला की अजून तिचा चेहरा दगडी व्हायचा. बसमधल्या कंडक्टरनं तिकीट वरून सोडलं तर ती ते खाली पडू द्यायची आणि त्याला उचलायला लावायची. हे मी लहानपणापासून पाहिलेलं.

वडील गेल्यावर ती नागपुरात एकटी उरली. मला ती माझ्याजवळ हवी होती. चार दिवस पाहुणी म्हणून नाही, कायमची. व्हिसा सहा महिन्यांचा मिळतो, तो वाढवायचा, जायचं, परत यायचं, असं करत करत पुढचं बघू, असा माझा बेत. ती ऐकत नव्हती. "तिकडंबी आपलेच लोक असतील नं," म्हणायची. फोनवर मी तिला किती वेळा समजावलं. "आई, इथं कोणी आडनाव विचारत नाही. कोणी गाव विचारत नाही. तू कोण, कुठली, कुणाला पडलेलीच नाही. एकदा येऊन बघ, नाही पटलं तर मी परत कधी बोलणार नाही." या एका वचनावर ती आली. तिनं राहावं की जावं, सगळं त्या वचनावर अवलंबून होतं.

आणि आपलेच लोक होतेच की. आमच्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये खालच्या मजल्यावर पुण्याच्या एक काकू राहायच्या. नवरा मोठ्या हुद्द्यावर, इथं येऊन खूप वर्षं झालेली. गणपती, पाडवा, कोजागिरी, सगळं त्यांच्या हॉलमध्ये. नव्या मराठी कुटुंबाला पहिल्या दिवशी वरणभाताचा डबा पोचवणार, हे खरं. पण डबा देताना डोळे घरभर फिरणार. आमचं आडनाव असं, की ते अनेक जातींत सापडतं. काकूंना त्याचा थांग लागत नव्हता. "आपल्यातलेच ना तुम्ही?" असं त्यांनी मला एकदा जिन्यात विचारलं होतं. मी म्हटलं, "म्हणजे?" त्या हसल्या. तेव्हापासून त्या माझ्या डोक्यात गेल्या त्या गेल्याच.

आई आली ती फेब्रुवारीच्या थंडीत. दोन दिवस सुपरमार्केटची कोंबडी तिनं गप्प बसून खाल्ली. तिसऱ्या दिवशी ताट सरकवलं. "हे काय खाऊन राहिले तुम्ही? चिंध्या चावल्यासारखं लागते." मी तिला शनिवारी इटालियन दुकानात घेऊन गेले. चकतीचं मला आठवलं होतं. पण मी ठरवलं की आज सलामी, चीज काही मागायचंच नाही, फक्त वजडी आणि मटण घ्यायचं आणि निघायचं.

आईला दुकान आवडलं. मला नको असलेला तो वास तिला बरा वाटला. "खाटकाचं दुकान असंच असते," म्हणाली. काचेतली वजडी बघून तर खूश झाली, धुऊन पांढरीशुभ्र केलेली. "इतकी साफ आपल्याकडं कोण देते?" आमच्यापुढे दोन इटालियन म्हाताऱ्या होत्या. त्यांना त्यानं हातावर हॅमची चकती दिली. आई कौतुकानं बघत होती. आमची पाळी आली. मी मटण सांगितलं. आणि तो माणूस कधी नव्हे तो हसला, आईकडे बघून "मम्मा" म्हणाला, न मागताच हॅमची एक चकती कापली, कागद फाडला, चिमट्यानं त्यावर ठेवली, दोन बोटांनी सरकवली आणि हात मागे घेतला.

आईनं कागदाकडे पाहिलं. मग बाजूला उभ्या म्हाताऱ्यांच्या हातांकडे पाहिलं. तिचा चेहरा दगडी झाला.

मी गाडी सुरू केली तेव्हा आई हळूच म्हणाली, "त्याले कोणी सांगितलं वं?"

"काय सांगितलं?"

"आपलं."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी इतक्या जोरात हसले की ती दचकली. "आई, तो इटालियन आहे. त्याला काय कळतंय आपलं? तो रेसिस्ट आहे. ब्राऊन लोकांना असंच देतो. मला दोन वर्षं असंच देतोय."

"दोन वर्षं?" ती माझ्याकडे बघत राहिली. "अन् तू जाऊन राहिली?"

घरी तिनं वजडी रांधली. कांदा-लसणाचा वास घरभर पसरला. ती पोटभर जेवली. झोपताना पुन्हा म्हणाली, "रंगावरून करणारा माणूस हात मागे नाही घेत. तो तोंड वाकडं करते. यानं तोंड नाही केलं वाकडं. याले कोणीतरी शिकवलं आहे."

मला तिचा राग आला. वाटलं, ही बाई सात समुद्र ओलांडून आली आणि आपला किराणावाला सोबत घेऊन आली. पण तिचं ते वाक्य जाईना. बुधवारी ऑफिसमधून अर्धा दिवस सुटी घेऊन मी एकटीच दुकानात गेले. दुकान रिकामं होतं. मी सरळ म्हटलं, मला सलामी हवी. त्यानं कागद फाडला. मी म्हटलं, "थांब. सगळ्यांच्या हातात देतोस. मला कागदावर का? माझा हात घाण आहे?"

तो ओरडायलाच लागला. "मी? मी असं करतो? तुम्हीच सांगितलंत असं करायला!"

"कोणी सांगितलं?"

"तुमच्या लेडीनं! गुरुवारी येते ती. रिकोटा नेते, ब्रेड नेते. पहिल्या दिवशी मी तिला चीज हातावर दिलं तर किंचाळली. म्हणाली, आमच्यात मांस कापणाऱ्याच्या हातचं घेत नाहीत. कागदावर ठेवायचं, हात लावायचा नाही, मी उचलेन. चिमटा वेगळा, सुरी वेगळी, मशीन आधी पुसायचं. मी पुसतो! तिच्या एकटीसाठी पुसतो! ती म्हणाली, इंडियन लोकांचा हा धर्म आहे. म्हणून मी सगळ्या इंडियन लोकांना तसंच देतो. तुम्ही मटण नेता, मला ते विचित्र वाटलं, पण म्हटलं, हाताचा नियम सगळ्यांना असेल. मी मान देत होतो तुम्हाला! आणि तुम्ही दोन वर्षं ती चकती न खाता निघून जाता! मी घरी जाऊन बायकोला सांगतो, ही बाई माझ्यावर थुंकते!"

रिकोटा म्हटल्याबरोबर मला कळलं. कॉम्प्लेक्समध्ये खव्याऐवजी रिकोटाचं मऊ चीज आटवून पेढे एकच बाई करायची. पाडव्याला, गणपतीला, सगळ्यांना वाटायची, आणि आम्हीही ते खाल्ले होते.

मला काकूंचा इतका संताप आला की बोलताना शब्द फुटेनात. मग फुटले तेव्हा सगळेच फुटले. मी त्याला सांगितलं की हा इंडियन लोकांचा धर्म नाही, तिच्या जातीचा सोवळेपणा आहे. ती तुला मान देत नाही, तुझा हात तिला विटाळतो. तू साबणानं घासून धुतलास तरी विटाळतो. तुला ती आज जे समजते ना, ते तिच्या लोकांनी आम्हाला शेकडो वर्षं समजलं. माझ्या आजीला दुकानदार मीठ वरून टाकायचा. तू आईला कागदावर दिलंस तेव्हा तिला काय वाटलं असेल, विचार कर.

त्यानं आपले हात उलटसुलट करून पाहिले. "माझा हात?" म्हणाला. मान लाल झाली. मग कागद चुरगाळून फेकला, चकती उचलली आणि माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. खारट होती, चांगली होती. "मम्माला घेऊन या," तो म्हणाला. "या शनिवारी घेऊन या. मी बरोबर देईन."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. मला विजय झाल्यासारखं वाटत होतं. आईला तसं वाटलं नाही. "म्हणजे कोणी सांगितलंच होतं," एवढंच म्हणाली. त्या शनिवारी ती यायला तयार झाली नाही, पुढचे पाच-सहा शनिवारही नाही. शेवटी मीच हट्ट धरला. तिला ती चकती हातात मिळालेली मला बघायची होती, म्हणजे माझं वचन पुन्हा उभं राहिलं असतं.

ईस्टर आणि पाडवा त्या वर्षी जवळजवळ आले होते. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. करडांच्या ऑर्डरी घ्यायला लोक रांगेत उभे, तो सगळ्यांवर ओरडतोय. आणि काउंटरशी, त्याच्या समोरच, काकू. पेढ्यांचा रिकोटा न्यायला आलेल्या. आम्हाला बघून त्यांनी भुवया उंचावल्या. "अगंबाई, तुम्ही इथे?"

त्यानं आम्हाला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला, ते मी नाकारू शकत नाही. काकूंच्या चीजची चकती त्यानं चिमट्यानं कागदावर आपटली. मग हॅमची एक चकती कापली, काउंटरवरून कमरेपर्यंत वाकला आणि आईपुढे हात धरला.

"मम्मा, तुम्हाला हातात!" भरल्या दुकानात तो गर्जला. "तुमच्या मुलीनं मला सगळं समजावलं. दोन प्रकारचे इंडियन असतात. ही लेडी काउंटरवाली. तुम्ही हातवाल्या. ही ज्यांना शिवत नाही, त्या तुम्ही. बरोबर? आता माझी चूक नाही होणार!"

सगळं दुकान बघत होतं. आईनं इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलेलं. त्यातला शब्द न् शब्द तिला कळला. काकूंनाही कळला. त्यांनी आईकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. इतकी वर्षं न लागलेला थांग त्या क्षणी लागला.

"अस्सं होय," काकू गोड आवाजात म्हणाल्या. "मला वाटायचं, आपल्यातल्या."

"नाही," आई म्हणाली. तिनं हात पुढे केला, चकती घेतली आणि काकूंच्या डोळ्यांत बघत सावकाश खाल्ली. शेवटपर्यंत. मला ओरडावंसं वाटत होतं, कुणाला तरी मारावंसं वाटत होतं, आणि कुणाला ते कळत नव्हतं.

आमच्या मागे आपल्याकडचा एक तरुण उभा होता, युनिव्हर्सिटीचा स्वेटशर्ट घातलेला. त्याला आम्ही कोणी ओळखत नव्हतो. मालकाची नजर त्याच्यावर गेली. नवी विद्या वापरायला तो अधीर झाला होता. "आणि तुम्ही, सर? तुम्ही कुठले? हातात की काउंटरवर?"

तो मुलगा काकूंकडे बघून कसनुसं हसला. मग आईच्या हाताकडे बघितलं. "काउंटर," म्हणाला. "काउंटर इज फाइन."

घरी येताना आई खिडकीबाहेर बघत होती. मी काकूंना शिव्या घातल्या, त्या मुलाला घातल्या, मालकाला घातल्या. म्हटलं, "उद्या पाडव्याच्या फंक्शनला आपलं नाव होतं ना, मी आत्ताच कॅन्सल करते. आणि त्या मूर्खाला जाऊन सांगते, भर दुकानात असं बोलायचं नसतं."

"त्याले काही नको म्हणू," आई म्हणाली. "त्यानं चांगल्या मनानं केलं." थोड्या वेळानं म्हणाली, "माझं तिकीट पाह्य."

"एका बाईपायी?"

"तिच्यापायी नाही वं. तिच्यासारख्या मी लई पाह्यल्या. वाईट मनानं विचारणाऱ्याच्या तोंडावर मारता येते. हा बिचारा इतक्या प्रेमानं विचारून राहिला, याले काय उत्तर देऊ मी? दर शनिवारी?"

मी भांडले. तीन दिवस भांडले. व्हिसाचे चार महिने बाकी होते, तिच्यासाठी घेतलेली खोलीतली खुर्चीसुद्धा नवी होती. पण मीच शब्द दिला होता, नाही पटलं तर पुन्हा बोलणार नाही म्हणून. ती गेली. पाडव्याचे पेढे त्या वर्षी आमच्या दारात आले नाहीत. एरवी जिन्यात भेटल्या की काकू थांबायच्या, आता कठड्याच्या बाजूला सरकून मला वाट करून देऊ लागल्या. मी मुद्दाम मधोमध चढायला लागले.

आई पोचल्यावर आठवड्यानं मी फोन केला. लाइन खरखरत होती. मागे बायकांचे आवाज येत होते, विहारातल्या मंडळातल्या तिच्या मैत्रिणी अमेरिकेच्या गोष्टी ऐकायला जमल्या होत्या. मी विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?"

"चांगलं आहे म्हटलं. मटण ताजं भेटते म्हटलं."

"आणि ते? दुकानातलं?"

फोनच्या तोंडाशी हात धरल्यासारखा तिचा आवाज बारीक झाला.

"ते काहून सांगू? या बायकांचे पोट्टे निघाले आहेत तिकडं यायला."